मराठी शाळेतून आठवीला सीबीएसईत गेल्यावर गणित किती बदलतं? राष्ट्रीय अभ्यासक्रमात कोणत्या वर्षी काय असतं?

तुमची मुलगी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत सातवीला आहे, पुढच्या वर्षी तिला बेळगावात सीबीएसईला घालायचं आहे, आणि तिथलं गणित अगदीच वेगळं असेल अशी तुम्हाला धास्ती आहे. मी बेळगावातच हायस्कूलला गणित शिकवते. गणित तेच आहे. शिकवण्याची भाषा इंग्रजी होईल आणि प्रश्न विचारायची पद्धत थोडी बदलेल, एवढंच.

नुसती प्रकरणांची यादी बघितली तर मात्र भीती वाटते, म्हणून आधी मांडणी समजून घ्या. संख्या, बीजगणित, भूमिती, मापन आणि सांख्यिकी हे विषय वर्षानुवर्षं शेजारी शेजारी चालतात. यंदा अपूर्णांक संपले, पुढच्या वर्षी भूमिती सुरू, असं होत नाही. दर वर्षी प्रत्येक विषयाला पुन्हा हात लागतो आणि तो थोडा पुढे सरकतो.

आपल्याकडचा गुंठाच घ्या. 33 फूट लांब, 33 फूट रुंद, म्हणजे 1089 चौरस फूट. प्राथमिकमध्ये मूल चौकटी मोजून क्षेत्रफळ म्हणजे काय ते शिकतं. सहावीत परिमिती आणि क्षेत्रफळ असं स्वतंत्र प्रकरण येतं, तिथे 33 गुणिले 33 करायचं. आठवीत प्रश्न उलटतो: जागा चौरस आहे आणि क्षेत्रफळ 1089 आहे, तर बाजू किती? हे वर्गमूळ. नववीत विचारा की दोन गुंठ्यांच्या चौरस जागेची बाजू किती. उत्तर 33 गुणिले वर्गमूळ 2, साधारण 46.67 फूट, पण दशांशात ते कधीच पूर्ण लिहून होत नाही. इथे अपरिमेय संख्या आल्या. दहावीत वर्गमूळ 2 अपरिमेयच का, याची सिद्धता द्यावी लागते. आणि त्याच दहावीत: एका गुंठ्याची आयताकृती पट्टी आहे, लांबी रुंदीपेक्षा 88 फूट जास्त, तर रुंदी किती? रुंदी क्ष धरली की क्ष वर्ग अधिक 88 क्ष वजा 1089 बरोबर शून्य, हे वर्गसमीकरण. उत्तर 11 फूट, लांबी 99. जमीन तीच, फक्त तिला विचारलेला प्रश्न दर वर्षी अवघड होत जातो. सहावीतला पाया कच्चा राहिला की तो आठवीत आणि दहावीत पुन्हा बोचतो, तो यामुळेच.

आता ही रचना ठरते कुठे? 1976 पासून शिक्षण समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचाही त्यावर अधिकार आहे. केंद्र अभ्यासक्रमाचा आराखडा करतं, त्यावरून एनसीईआरटी ही केंद्राची संस्था पाठ्यक्रम आणि पुस्तकं काढते, आणि राज्यांनी त्यातलं किती घ्यायचं ते राज्यं ठरवतात. 2005 चा राष्ट्रीय आराखडा झाला तेव्हा गणितासाठी वेगळा अभ्यासगट होता. मुलाच्या विचारालाच गणिताचं वळण लागावं, हे त्या गटाने मुख्य उद्दिष्ट मानलं. आकडेमोड येणं हा त्यातला छोटा भाग. मला ती भूमिका आजही मनापासून पटते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर 2023 मध्ये शालेय शिक्षणाचा नवा आराखडा आला. त्यात पहिली-दुसरी पायाभूत टप्प्यात, तिसरी ते पाचवी पूर्वतयारीचा टप्पा, सहावी ते आठवी मधला आणि नववी ते बारावी माध्यमिक. तुमची मुलगी मधल्या टप्प्याच्या शेवटच्या वर्षात प्रवेश करेल. वर्ष तसं चांगलं आहे, कारण नववीपासून सिद्धता आणि अमूर्त विचार एकदम वाढतात.

नव्या पुस्तकांत एक बदल मला फार योग्य वाटतो. पूर्वी सहावीतच अक्षरांचं बीजगणित यायचं. आता सहावीत आकृतिबंध आणि संख्यांचे खेळ आहेत, आणि अक्षरं सातवीत येतात. आधी नियम दिसू लागतो, मग तो अक्षरांत लिहायचा.

दहावीचं वजन कुठे पडतं तेही सांगते. सीबीएसईची लेखी परीक्षा 80 गुणांची, शाळेकडे 20. त्या 80 पैकी बीजगणित 20, भूमिती 15, त्रिकोणमिती 12, सांख्यिकी व संभाव्यता 11, महत्त्वमापन 10, संख्या 6 आणि निर्देशक भूमिती 6. पेपर बेसिक (सोपा) आणि स्टँडर्ड असे दोन असतात, त्यातला एक निवडायचा. पुढे गणित घ्यायचं असेल त्याने स्टँडर्डच द्यावा. नववीतच «हिला गणित झेपणार नाही» म्हणून मुलींना बेसिककडे वळवलं जातं, याचा मला मनस्वी राग आहे. तुम्ही ते होऊ देऊ नका.

कर्नाटकाची एसएसएलसीची, म्हणजे राज्य मंडळाच्या दहावीची, गणिताची पुस्तकंही एनसीईआरटीवरच बेतलेली आहेत. मध्यंतरी काही वर्षं फक्त क्रम वेगळा होता: एनसीईआरटीत दहावी वास्तव संख्यांनी सुरू व्हायची, कर्नाटकात अंकगणिती श्रेढीने. म्हणजे राज्याच्या शाळेतून आलेली मुलगी परक्या गावाला आली असं मुळीच नाही. घोटाळा होतो तो दुसरीकडे. आपल्यातल्या बऱ्याच जणांचे पाहुणे चंदगड, गडहिंग्लजला असतात आणि तिथून महाराष्ट्राची पुस्तकं घरी येतात. मराठी चांगलं असतं म्हणून मुलं त्यावरच अभ्यास करतात. पण महाराष्ट्रात नववी-दहावीला गणिताचे दोन भाग, दोन पेपर, आणि दहावीच्या पहिल्या भागात जीएसटी व शेअरचं अर्थनियोजन असं प्रकरण आहे, जे एनसीईआरटीच्या दहावीत नाही. संकल्पना मराठीतून समजून घ्यायला ती पुस्तकं जरूर वापरा, पण त्यांच्या क्रमाने जाऊ नका.

सुट्टीत तिच्याकडून तीन गोष्टी पक्क्या करून घ्या: अपूर्णांकांचा भागाकार, ऋण संख्यांची वजाबाकी आणि अक्षरांची साधी समीकरणं. तीन चतुर्थांश भागिले दोन पंचमांश याचं उत्तर 15 अष्टमांश असं नुसतं काढून चालणार नाही. भागताना दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा ते तिने तुम्हाला मराठीत समजावून सांगितलं पाहिजे. इंग्रजी शब्द पहिल्या सहामाहीत अंगवळणी पडतात, त्याची काळजी करू नका. आणि शेजारच्या मोठ्या मुलाचं आठवीचं जुनं पुस्तक उसनं आणू नका. 2025 मध्ये आठवीचं एनसीईआरटीचं गणिताचं पुस्तक बदललं आहे आणि ते दोन भागांत आहे, तेव्हा शाळा कोणतं वापरते ते विचारूनच घ्या.