सेन्सरची काडी मातीत खुपसून खताचा डोस ठरवू नका

प्रश्न : राजापूरकडच्या एका दादांनी विचारलंय, दुकानदाराने बारा वर्षांच्या हापूस कलमाखाली सात-इन-वन सेन्सर (मातीचे सात आकडे दाखवणारी काडी) खुपसला, स्फुरद जवळजवळ शून्य दाखवलं, आता झाडाला 6 किलो डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) घाला म्हणतो, घालू का?

अजिबात नाही. ही काडी बऱ्याच बागांत बघितलीय, ती एनपीके (नत्र, स्फुरद, पालाश) मोजतच नाही. स्टीलच्या टोकांतून मातीत करंट जातो, ओल नि क्षार जास्त असले की करंट जास्त, आणि त्या एका मापावरून आतला फॉर्म्युला नत्र-स्फुरद-पालाश तिन्हीचे आकडे काढून दाखवतो. दुकानदाराला म्हणा माझ्यासमोर कर : कुंडीत ओली माती घे, आकडे लिही, मग चमचाभर साधं मीठ पाण्यात विरघळवून ओत नि परत बघ. मी एका वाडीत सगळ्यांसमोर केलं, तिन्ही आकडे चढले. मिठात कुठलं आलंय स्फुरद?

आणि आपल्या जांभ्याच्या लाल मातीत स्फुरद पाण्यात मोकळं फिरत नाही, लोह नि ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या कणांच्या पृष्ठभागाला घट्ट चिकटून बसतं. ते काढायला लॅबमध्ये आम्लयुक्त फ्लोराइडचं द्रावण लागतं (आम्ल जमिनीसाठी ब्रे पद्धत), मग मॉलिब्डेट घालून निळा रंग येतो नि तो किती गडद त्यावरून स्फुरद मोजतात. हे काम काडी कशी करणार?

हिशोब बघा, 6 किलो डीएपी म्हणजे पावणेतीन किलो स्फुरद. दहा वर्षांपुढच्या कलमाला शिफारस अर्धा किलोची, म्हणजे सुपर फॉस्फेट 3 किलो. पाचपट घालून जस्ताची कमतरता ओढवून घ्याल. आकडा दुकानदाराचा असेल तर घालू नका, आणि जुलैच्या मुसळधार पावसात तर कोणाचाही असला तरी घालू नका, युरियासारखं खत बरंचसं वाहून जातं. मिरगाचा पाऊस लागला की फांद्यांच्या घेराखाली चर काढा, सुपर एकटं फेकू नका, पाच घमेली कुजलेलं शेणखत नि गिरिपुष्पाचा पाला याच्यात मिसळूनच द्या. शेणखतातली सेंद्रिय आम्लं त्याच कणांवर जागा अडवतात नि स्फुरद मुळांना मिळतं. मी हे प्रत्येक बागेत सांगतो, पाला फुकट आहे हो, बांधावर लावा.

माती मे महिन्यात, खत घालायच्या आधी काढा. एक फुटापर्यंतची वेगळी, त्याखालची वेगळी, अर्धा-अर्धा किलो, आणि खताच्या रिकाम्या पिशवीत भरू नका, सगळा रिपोर्ट खोटा येतो. मृदा आरोग्य पत्रिकेत 12 गोष्टी तपासून मिळतात, सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) नमुना द्या.

प्रश्न : एका ताईंच्या खाजणात (खाडीकाठच्या खाऱ्या शेतात) त्याच काडीने एनपीके भरपूर दाखवलं, भाताला खत बंद करू का?

बंद करू नका ताई, तो उधाणाच्या पाण्याचा क्षार बोलतोय. खऱ्या नायट्रेट सेन्सरला खास पडदा असतो, पण खाऱ्या मातीत क्लोराइड त्यालाही फसवतं. तिथे काडीचा ईसीचा (मातीतून करंट किती सहज जातो त्याचा) आकडा फार तर खारटपणाचा अंदाज म्हणून बघा, खतासाठी नको. बांध दुरुस्त करा, पावसाने मीठ धुऊन जाऊ द्या नि मगच लावणी करा, बियाणं पनवेल 3 सारखं क्षार सोसणारं घ्या, आणि नत्र एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्या.