विद्यमान खासदाराला हरवायचं तर त्याच्याइतकाच पैसा लागतो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. राष्ट्रीय कायदेमंडळाच्या निवडणुकीत विद्यमान सदस्याला हरवायचं तर त्याच्याइतका पैसा उभा करावा लागतो का, ही पहिली. प्रचारखर्चावर कडक मर्यादा घातली तर नव्या उमेदवाराची वाट मोकळी होते का, ही दुसरी. पहिलीचं उत्तर सरळ आहे : नाही, तेवढा लागत नाही. दुसरीचं उत्तर बहुतेकांना वाटतं त्याच्या उलट निघू शकतं, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच.

मी संख्याशास्त्र शिकवतो. वर्गात उदाहरणासाठी अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाची (आपल्या लोकसभेसारखं तिथलं कनिष्ठ सभागृह) आकडेवारी घेतो, कारण तिथल्या प्रत्येक उमेदवाराचा जमाखर्च निवडणूक आयोगाच्या नोंदींत कुणालाही बघता येतो. मुलांना सांगतो, यातले फक्त विद्यमान सदस्य बाजूला काढा. आडव्या अक्षावर त्यांचा खर्च घ्या, उभ्या अक्षावर मतांची टक्केवारी. दरवर्षी कोणी ना कोणी हात वर करतं : "सर, माझं काहीतरी चुकलंय." कारण रेघ उतरती आलेली असते. ज्यांनी जास्त खर्च केला, त्यांना मतं कमी पडलेली दिसतात. मुलं रकाने पुन्हा तपासतात, उणे-अधिकची चिन्हं बघतात. चुकलेलं काहीच नसतं.

हीच उतरती रेघ गॅरी जेकबसन या राज्यशास्त्रज्ञांनी १९७८ साली जगासमोर मांडली. त्यांनी १९७२ आणि १९७४ च्या निवडणुका तपासल्या होत्या. आव्हान देणाऱ्या उमेदवाराचा खर्च वाढला की त्याची मतं स्पष्टपणे वाढतात. विद्यमान सदस्याचा खर्च वाढला तरी त्याच्या मतांत वाढ दिसत नाही, उलट घटच दिसते.

याचा अर्थ पैसा खर्च केला म्हणून मतं गेली असा नाही. सलग पाच वेळा आरामात निवडून आलेला सदस्य प्रचारावर उधळपट्टी कशाला करील? हात सैल सोडतो तो ज्याच्या पायाखालची वाळू सरकायला लागली आहे. एखादं प्रकरण अंगाशी आलेलं असतं, मतदारसंघाची फेररचना झालेली असते किंवा समोर तगडा माणूस उभा असतो. खर्च हे इथे दुखण्याचं लक्षण आहे. म्हणून कुठल्याही देशात 'जास्त खर्च करणारा इतके टक्के वेळा जिंकला' असा आकडा वाचलात तर त्यावरून पैशाची ताकद मोजू नका. देणगीदारही जिंकणाऱ्या घोड्यावरच पैसे लावतात. पैशामुळे विजय आला की विजय दिसत होता म्हणून पैसा आला, हे त्या आकड्यातून कळत नाही.

मग खरा परिणाम मोजायचा कसा, यावर पुढची वीस वर्षं वाद झाला. डोनाल्ड ग्रीन आणि जोनाथन क्रास्नो यांनी १९८८ मध्ये दाखवलं की समोरच्या उमेदवाराचा दर्जा हिशेबात धरला तर विद्यमान सदस्याच्या पैशालाही फळ येतं. मला स्वतःला सगळ्यात आवडते ती अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांची १९९४ ची युक्ती. त्यांनी १९७२ ते १९९० या काळातल्या अशा लढती वेचून काढल्या, जिथे तेच दोन उमेदवार पुन्हा एकमेकांसमोर आले होते. माणसं तीच, त्यांचं बोलणं-वागणं तेच, मतदारसंघही जवळपास तोच. बदलला तो मुख्यतः खर्च. मग मतांत पडलेल्या फरकाशी खर्चातल्या फरकाची तुलना करता येते. उत्तर काय आलं? १९९० च्या किमतीने १ लाख डॉलर जादा खर्च केले तर मतांमध्ये वाढ एक तृतीयांश टक्क्याहूनही कमी. दोन्ही बाजूंना.

तुम्ही म्हणाल, मग आव्हानवीराने तरी पैसा कशाला उभा करायचा? इथे थोडं थांबायला हवं. लेव्हिट यांच्या लढतींमधला आव्हानवीर दुसऱ्यांदा उभा राहिलेला असतो. त्याची ओळख आधीच्या निवडणुकीतच झालेली असते. आणि पैशाचं सर्वांत मोठं काम तेच आहे, ओळख. लोकांना आपल्या प्रतिनिधीचं नाव विचारलं तर पुष्कळांना पटकन सांगता येत नाही, पण यादीत समोर दिसलं की ते ओळखतात. मतपत्रिकेपुढे उभं राहताना तेवढी ओळख पुरते. नवख्या उमेदवाराचं नाव मात्र ओळखूही येत नाही. त्याचे सुरुवातीचे पैसे नुसते 'मी आहे' एवढं सांगण्यात जातात, आणि त्यांचाच भाव सर्वांत जास्त असतो. एकदा ओळख झाली की पुढचा प्रत्येक रुपया आधीच्यापेक्षा कमी काम करतो.

दोन लढती शेजारी ठेवून बघा. २०१४ मध्ये व्हर्जिनियात एरिक कँटर हे प्रतिनिधीगृहातले बहुमताचे नेते स्वतःच्याच पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, हरले. त्यांच्या मोहिमेचा खर्च ५० लाख डॉलरच्या वर गेला होता. त्यांना हरवणारे डेव्ह ब्रॅट हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. त्यांचा खर्च साधारण २ लाखांच्या घरात. आता दुसरी लढत. २०२० मध्ये साउथ कॅरोलिनात जेमी हॅरिसन यांनी सिनेटर लिंडसे ग्रॅहम यांच्याविरुद्ध एका तिमाहीत ५ कोटी ७० लाख डॉलर जमवले. सिनेटच्या कोणत्याही उमेदवाराला तोवर एका तिमाहीत एवढी रक्कम जमली नव्हती. तरी ते सुमारे १० टक्क्यांनी हरले. पहिल्या लढतीत नाराजी आधीच साठलेली होती आणि तिला तोंड फोडायला थोडा पैसा पुरला. दुसरीत मतदारांचा कौल पक्षानुसार घट्ट होता. पैशाच्या राशीने तो हलला नाही.

आता विद्यमान असण्याचा फायदा म्हणजे नेमकं काय ते पाहू. त्यातला बराचसा निवडणुकीच्या हिशेबात कधी येतच नाही. सरकारी पगारावरचे कर्मचारी मतदारांची अडलेली कामं करून देतात. अमेरिकेत सदस्यांना कार्यालयीन पत्रं टपालखर्चाशिवाय पाठवता येतात. निवडणुकीच्या तोंडावर घाऊक पत्रांवर बंदी येते, पण तोवर नाव घराघरांत पोचलेलं असतं. बातमीदार आपणहून फोन करतात. हे सगळं कार्यकाळभर चालतं, आणि आव्हानवीराला त्याची बरोबरी काही आठवड्यांत करायची असते.

याहून मोठा फायदा दिसतच नाही. तिजोरी भरलेली आहे एवढं कळलं तरी चांगला प्रतिस्पर्धी थबकतो. आधी एखादं पद जिंकलेला, माणसं जोडलेला उमेदवार विचार करतो, आत्ता कशाला आपटून घ्या, हे निवृत्त झाले की बघू. मग रिंगणात उरतो तो कच्चा उमेदवार आणि विद्यमान सदस्य एकही जादा पैसा न खर्चता जिंकतो. अमेरिकी प्रतिनिधीगृहात पुन्हा उभे राहिलेल्यांपैकी बहुतेक वेळा ९० टक्क्यांहून अधिक निवडून येतात. त्या आकड्यात रिंगणात न उतरलेल्या प्रतिस्पर्ध्यांचाही मोठा वाटा आहे.

निव्वळ पदाचा फायदा वेगळा काढायला अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड ली यांनी प्रतिनिधीगृहाच्या काठावरच्या निकालांकडे पाहिलं. निसटत्या मतांनी जिंकलेला आणि निसटत्या मतांनी हरलेला यांच्यात तसा फरक काय असतो? जवळपास नशिबाचा. पण दोन वर्षांनी, पुढच्या निवडणुकीत, काठावर जिंकलेल्या बाजूला सुमारे ७ ते ८ टक्के मतं जास्त पडलेली दिसली. हा आकडा मात्र कायमचा नाही. मतदार पक्षाला धरून मत देऊ लागले तसा अमेरिकेतला हा वैयक्तिक फायदा अलीकडे बराच आटला आहे. आणि लोकसभेच्या निवडणुकांवर ली लिंडन यांनी याच पद्धतीने अभ्यास केला तेव्हा चित्र उलटं निघालं : १९९१ पासून पुढे विद्यमान असणं हाच तोटा. ज्याला सगळे अँटी-इन्कम्बन्सी म्हणतात ती नुसती टीव्हीवरची चर्चा नाही, आकड्यांत सापडते. म्हणजे पद हे वरदान ठरेल की ओझं, हे देशागणिक बदलतं, आणि खर्चमर्यादेचा विचारही त्याप्रमाणे करावा लागतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. १९७४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, प्रतिनिधीगृहाच्या उमेदवाराला सार्वत्रिक निवडणुकीसाठी ७० हजार डॉलरची मर्यादा घातली. हा कायदा कोणी लिहिला ते लक्षात घ्या : त्या वेळी निवडून आलेल्यांनी. 'दोघांना सारखीच मर्यादा' हे कानाला न्याय्य वाटतं. पण एकाची ओळख आधीच झालेली असताना दोघांचे हात सारखेच बांधले, तर मार बसतो दुसऱ्याला. १९७६ च्या बक्ली विरुद्ध व्हॅलेओ निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा रद्द केली, मुख्यतः अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारावर. पण त्याच निकालपत्रात हेही नोंदवलं की खर्च सारखा केल्याने ज्याचं नाव लोकांना ठाऊक नाही असा उमेदवार अडचणीत येऊ शकतो. ब्रिटनमध्ये १८८३ पासून उमेदवाराच्या खर्चावर मर्यादा आहे. रॉन जॉन्स्टन आणि चार्ल्स पॅटी यांच्या अभ्यासात तिथेही आव्हान देणाऱ्याच्या पैशाला जास्त फळ आलेलं दिसतं.

मर्यादा नेहमीच वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. ब्राझीलमध्ये २०१६ च्या महापौर निवडणुकांत जिथे मर्यादा जास्त कडक होती तिथे उमेदवार वाढले आणि पुन्हा निवडून येणाऱ्यांचं प्रमाण घटलं. निवडणूक संसदेची नव्हती, पण अभ्यास भक्कम आहे आणि माझ्या मताला तो अडचणीचा आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. मी त्यातून एवढं घेतो की मर्यादा कुठे बसते यावर सगळं आहे. ओळख होण्यापुरता खर्च करता येईल आणि त्यापलीकडची उधळण थांबेल अशा जागी ती बसली तर नव्यांना मदत होते. त्याखाली गेली तर घात होतो. आणि मर्यादा फक्त उमेदवारालाच असेल तर तिला भोक पडतं. लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यांत ९५ लाखांची मर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. अपक्षाच्या मागे कुठला पक्ष?

म्हणून मला छतापेक्षा जोतं महत्त्वाचं वाटतं, म्हणजे प्रत्येक गंभीर उमेदवाराला किमान ओळखीपुरतं साधन मिळणं. फ्रान्समध्ये पहिल्या फेरीत ५ टक्के मतं मिळवणाऱ्याला खर्चमर्यादेच्या ४७.५ टक्क्यांपर्यंत परतावा मिळतो. कल्पना उत्तम, पण पैसे निवडणूक झाल्यावर मिळतात. ज्याला आधी कर्ज कोणी देत नाही, त्याच्या हातात प्रचाराच्या काळात काहीच पडत नाही.

वेळेचं हे महत्त्व ओळखलं ते १९८५ मध्ये स्थापन झालेल्या एमिलीज लिस्ट या अमेरिकी संघटनेने. एमिली नावाची कोणी बाई नव्हती. 'सुरुवातीचा पैसा यीस्टसारखा असतो' या अर्थाच्या इंग्रजी वाक्यातली आद्याक्षरं जोडून ते नाव झालं. डेमोक्रॅटिक पक्षाच्या महिला उमेदवारांना ही संघटना लवकर, अगदी सुरुवातीला पैसा मिळवून देते, म्हणजे बाकीचे देणगीदार त्यांना गांभीर्याने घेतात. १९८६ मध्ये बार्बरा मिकुल्स्की सिनेटवर निवडून आल्या तेव्हा या संघटनेचं बळ त्यांच्या मागे होतं. ती जागा विद्यमान सदस्य निवृत्त झाल्याने रिकामी झालेली होती, हेही सांगायला हवं.

तुम्ही एखाद्या आव्हानवीराचा जमाखर्च तपासणार असाल तर बेरजेचा आकडा शेवटी बघा. आधी तारखांचा रकाना उघडा आणि पहिली मोठी रक्कम कधी आली ते शोधा. मतदानाला तीन आठवडे उरले असताना आलेली असेल, तर ती कितीही मोठी असो, ओळख करून देण्याची वेळ बहुतेक निघून गेलेली असते.