‘कार्बन क्रेडिट’चा कोर्स लावू का?

ऐरोलीहून एका आईचं पत्र: मुलगी ठाण्याच्या कॉलेजात बीएस्सी बॉटनीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका कंपनीच्या वृक्षलागवडीला जाऊन आली, तेव्हापासून तिला ‘कार्बन’मध्येच काम करायचंय. तीन महिन्यांत ‘कार्बन क्रेडिट तज्ज्ञ’ करणारा साठ हजारांचा ऑनलाइन कोर्स तिनं शोधलाय. पैसे भरू का? यात खरंच नोकऱ्या आहेत की चार दिवसांचं फॅड?

ताई, साठ हजार भरू नका. निदान आत्ता तरी नको.

नोकऱ्या आहेत. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीच्या नियमानं पर्यावरणाचा हिशेब जाहीर करावा लागतो. केंद्रानं २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजनाही, म्हणजे या क्रेडिटच्या खरेदी-विक्रीची योजनाही, आणली. त्यामुळे कंपन्यांच्या ईएसजी (पर्यावरण, समाज आणि कारभार) विभागांत माणसं घेतात, पण त्या दारात एमबीए आणि सीए झालेली मुलं आधीच उभी आहेत. तुमच्या मुलीकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही. तिला झाड ओळखता येतं.

एक क्रेडिट म्हणजे हवेत जाण्यापासून रोखलेला किंवा झाडांनी शोषलेला एक टन कार्बन डायऑक्साइड; कंपन्या तो विकत घेतात. उभ्या झाडाचा हा टन काट्यावर घालता येत नाही. जंगलात नमुन्याचे छोटे तुकडे आखायचे, छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजायचा, त्या प्रजातीचं सूत्र लावून सुकं वजन काढायचं. त्यातला जवळपास निम्मा कार्बन, त्याला ३.६७ नं गुणलं की कार्बन डायऑक्साइड मिळतो. प्रजातच चुकली की पुढचं सगळं कोसळलं! शिवाय ही झाडं कंपनीच्या पैशाविना आलीच असती का, इथलं जंगल राखलं म्हणून शेजारच्या डोंगरावर कुऱ्हाड पडली का, हेही तपासावं लागतं. जानेवारी २०२३ मध्ये ‘गार्डियन’ आणि इतर वृत्तपत्रांनी व्हेरा या संस्थेनं मान्यता दिलेल्या वर्षावनांच्या क्रेडिटवर मोठं प्रश्नचिन्ह लावलं. व्हेरानं ते निष्कर्ष नाकारले. पण तेव्हापासून विकत घेणारेही मोजणी कशी केली ते खोदून विचारतात. माझ्या मते तुमच्या मुलीची जागा या मोजणीत आहे.

ती गेली ती लागवड बहुधा सीएसआरची, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चातली, असेल. कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकामावर खर्चावी लागते, तिचा क्रेडिटशी थेट संबंध नाही.

शिकायला फार लांब जायला नको. ऐरोलीतच वन विभागाच्या कांदळवन (खारफुटी) कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, आणि ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. खारफुटीतली तिवर कुठे, चिपी कुठे, हे तिनं ओहोटीला बघावं. मोकळा चिखल दिसला की तिथं कांदळवन लावायची हौस अनेकांना येते. फोटो छान येतो, पण फ्लेमिंगोंचं जेवणाचं ताटच काढून घेतल्यासारखं होतं. ‘इथं लावू नका’ असं कंपनीला पुराव्यानिशी सांगणारा माणूस या क्षेत्रात फार थोडा मिळतो.

पदवीनंतर एमएस्सी करू द्या. डेहराडूनची वन संशोधन संस्था बघा. व्यवस्थापनाकडे ओढा असेल तर भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था. तोवर क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते आणि संख्याशास्त्र पक्कं करावं. सुरुवातीचा पगार आयटीतल्या मैत्रिणीपेक्षा कमी असेल आणि काम मुरबाड-शहापूरच्या उन्हात असेल, हे तिला आत्ताच सांगा.

तरीही कोर्स हवाच म्हणाली, तर त्या संस्थेला फोन करून एवढंच विचारा: प्रत्यक्ष मोजणीला कुठे नेणार, आणि शिकवणाऱ्यानं स्वतः कुठल्या प्रकल्पाचा अहवाल लिहिलाय?