चरबीची हार्मोन्स : तुमचे प्रश्न

प्रश्न : डाएट आणि जिमने बरंच वजन उतरवलं, पण चार महिने पाळी नाही. चरबी घटली हे चांगलंच ना?

आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, प्रेग्नन्सी, थायरॉइड सगळं तपासून घ्या, हे प्लीज पुढे ढकलू नका. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं हार्मोन सोडतात आणि त्यावरून मेंदूला कळतं की अंगात साठा किती आहे. चरबी फार उतरली, वर खाणंही अपुरं असलं की लेप्टिन घसरतं, मेंदूला वाटतं दुष्काळ पडलाय, आणि मग तो अंडाशयाला जाणारे सिग्नलच कमी करतो. अंडाशयात बनणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन घटतं, पाळी थांबते, आणि हाडं विरळ व्हायला लागतात, अगदी विशीतसुद्धा. म्हणून "पाळी गेली, कटकट गेली" असं कुणी म्हणालं की मला खरंच काळजी वाटते.

प्रश्न : लेप्टिनने भूक कमी होते म्हणतात, मग लठ्ठ माणसाला त्याचंच इंजेक्शन का देत नाहीत?

१९९४ मध्ये रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या टीमला लेप्टिनचा जीन सापडला तेव्हा सगळ्यांना हीच आशा होती. पण बहुतेक लठ्ठ माणसांत लेप्टिन आधीच भरपूर असतं, मेंदूच त्याला दाद देत नाही, मग वरून देऊन फारसा फरक पडत नाही. ज्या मोजक्या मुलांत ते जन्मापासून बनतच नाही त्यांची भूक मात्र या इंजेक्शनने आटोक्यात येते. आणि लिपोडिस्ट्रॉफी म्हणून एक आजार आहे, त्यात चरबी साठवणाऱ्या पेशीच पुरेशा नसतात. माणूस दिसतो सडपातळ, पण फॅटला जागा नाही म्हणून ते लिव्हरमध्ये, स्नायूंत जाऊन बसतं आणि डायबेटिस होतो! तिथेही लेप्टिन कामाला येतं.

प्रश्न : मेनोपॉजनंतर इस्ट्रोजेन बंदच होतं ना?

कमी होतं, बंद नाही. चरबीत अरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं, ते इतर हार्मोन्सपासून थोडं इस्ट्रोजेन बनवत राहतं. चरबी जास्त तर हेही जास्त, त्यामुळे गर्भाशयाच्या अस्तराच्या आणि स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. पाळी कायमची गेल्यावर थेंबभर जरी ब्लीडिंग झालं तरी लगेच दाखवा.

प्रश्न : लायपोसक्शन केलं तर शुगर सुधारेल?

नाही. त्यात कातडीखालची चरबी निघते. शुगर बिघडवण्यात मोठा हात असतो तो आत, आतड्यांभोवतीच्या आणि लिव्हरमधल्या चरबीचा, आणि ती उतरते चालण्याने, व्यायामाने, खाणं आवरल्याने.