बाहेरच्या गिऱ्हाइकाला घड्याळ पाठवायच्या आधी

ताई, तुमचा प्रश्न सकाळीच वाचला, पण दोन ओळीत उरकण्यासारखा नव्हता म्हणून आता जेवण झाल्यावर निवांत लिहून राहिलो. तुम्ही सासऱ्यांचं चावीचं एचएमटी जनता घड्याळ ऑनलाइन लिलावात टाकलं, बोली २१० डॉलरपर्यंत गेली, जिंकणारा जर्मनीचा, पण तो म्हणतो पार्सल अमेरिकेत डेलावेअरच्या पत्त्यावर पाठवा, वर गिफ्ट लिहा, किंमत २० डॉलर दाखवा. पेपालवर, म्हणजे ऑनलाइन पैसे देण्याघेण्याच्या सेवेवर, पैसे आल्याचा मेल पण आलाय. आणि घरातली जुन्या नाण्यांची पिशवीही त्यालाच हवी. पाठवू का, असं विचारलंय.

आज पाठवू नका. तो माणूस चोरच आहे असं मी म्हणत नाही, पण साध्या जनताला २१० डॉलर ही बोलीच खूप चढी आहे, डायल एखाद्या दुर्मिळ प्रकारची असेल तर गोष्ट वेगळी. त्यात वेगळा पत्ता आणि खोटी किंमत, म्हणजे तीन गोष्टी एकदम जमून आल्यात.

आधी तो मेल. त्यातल्या लिंकला हात लावू नका, पेपालचं ॲप स्वतः उघडा आणि तिथे व्यवहार दिसतो का ते पाहा. ‘पैसे थांबवून ठेवलेत, ट्रॅकिंग नंबर टाकला की सुटतील’ असं लिहिलेलं असेल तर तो मेल खोटा धरून चाला, कारण पार्सल हातातून निघावं म्हणूनच हा डाव असतो. पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे देणं-घेणं बंद केलं पण बाहेरून येणारे पैसे अजून घेता येतात आणि ते आपोआप बँकेत वळते होतात, त्यामुळे खरं पेमेंट असेल तर ते ॲपमध्ये आणि मग तुमच्या पासबुकात दिसेलच.

आता समजा पैसे खरेच आलेत. तरी सौदा संपला असं समजू नका, आणि हेच नवीन विकणाऱ्याला कोणी सांगत नाही. पेपालवर गिऱ्हाईक १८० दिवसांपर्यंत तक्रार टाकू शकतो, वस्तू मिळालीच नाही म्हणून किंवा सांगितली तशी नाही म्हणून. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडून चार्जबॅकचा, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत ओढून घ्यायचा, रस्ता वेगळाच. म्हणजे सहा महिने ते पैसे तुमच्याकडे ठेवायला दिलेत असं समजायचं, त्यातून फ्रीज घ्यायचा नाही.

माझ्यासोबत झालेलं सांगतो. २०१९ मध्ये मी एक एचएमटी पायलट युरोपात ९५ डॉलरला विकलं, पोचलं, गिऱ्हाइकाने चांगला शेरा पण दिला. पाचव्या महिन्यात तक्रार आली की डायल पुन्हा रंगवलेली आहे, ओरिजिनल नाही. पेमेंट कंपनीने आधी माझे पैसे अडकवले, मग वस्तू परत घेऊन रिफंड द्या म्हणाले. परत आलेला डबा मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर उघडला, बायको बाजूला उभी होती. केस माझीच, मागच्या झाकणावरचा नंबर माझाच, पण चावी फिरेना. झाकण काढलं तर आत दुसऱ्याच घड्याळाची मशीन, गंजलेली, बॅलन्स व्हीलचा तुकडा लोंबकळत होता. माझी चालू मशीन (एचएमटीची ०२३१ नंबरची) त्याने काढून घेतली होती. आणि हे सिद्ध करायला माझ्याकडे काय, तर बाहेरून काढलेले तीन फोटो. घड्याळ गेलं, पैसे गेले, पोस्टेज गेलं, फी कापली होती तीही परत मिळाली नाही. ते घड्याळ माझ्या काकांचं होतं म्हणून आजही आठवलं की वाईट वाटतं.

तेव्हापासून मी झाकण उघडून मशीनचे फोटो काढल्याशिवाय एकही घड्याळ बाहेर पाठवत नाही. मशीनवरचा नंबर, स्क्रूवरचे ओरखडे, डायलच्या मागची बाजू, सगळं. मग घड्याळ चालताना दाखवून तिथूनच एकसलग व्हिडिओ सुरू, बबल रॅपमध्ये गुंडाळलं, डब्यात ठेवलं, टेप मारली, पत्ता चिकटवला, वजनकाट्यावर ठेवून ग्रॅम दाखवले, मध्ये कुठेही कट नाही. वजन फार कामाचं, कारण डबा रिकामा आला किंवा आत दगड निघाला असं कोणी म्हणालं तर पोस्टाच्या पावतीवरचं वजन आणि तुमचा व्हिडिओ जुळतो.

डायलचं पण खरं लिहा. एचएमटीचा कारखाना बंद होऊन वर्षं झाली, आता बाजारात रंगवलेल्या डायलच्या घड्याळांचा सुळसुळाट आहे, बाहेरचे शौकीन लोक त्याला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात आणि भिंग घेऊन अक्षरं तपासतात. सासऱ्यांनी कधी डायल पॉलिश करून घेतली होती का, घरात विचारा. माहीत नसेल तर माहीत नाही असं स्पष्ट लिहा, ‘१०० टक्के ओरिजिनल’ लिहू नका. त्या एका शब्दावर तुम्ही तक्रारीत हरता.

पत्त्याचं असं आहे की डेलावेअरमध्ये सेल्स टॅक्स नाही म्हणून पार्सल पुढे पाठवणाऱ्या कंपन्यांची गोदामं तिथे आहेत, अनेक चांगले गिऱ्हाईकही तो पत्ता देतात, मी पाठवलंय. पण पेपालचं विक्रेत्याला मिळणारं संरक्षण फक्त व्यवहारात जो पत्ता दिसतो त्यालाच असतं. मेसेजमध्ये आलेल्या पत्त्यावर पाठवलं की ते गेलं, मग पोचल्याचा पुरावा असून उपयोग नाही. ७५० डॉलरच्या वर असेल तर सहीचा पुरावा पण लागतो, तुमचं तेवढं नाही.

आणि ती २० डॉलरची गोष्ट. पार्सलसोबतच्या कस्टमच्या कागदावर सही त्याची नाही, तुमची असते. त्याला ड्युटी वाचवायची आहे, बस्स. युरोपात १ जुलै २०२१ पासून छोट्या पार्सलवरही व्हॅट लागतो, अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली ड्युटीतली सूट २९ ऑगस्ट २०२५ ला बंद केली, त्या गोंधळात आपल्या पोस्टाने काही आठवडे अमेरिकेची बुकिंग थांबवली होती आणि १५ ऑक्टोबरपासून सुरू केली तेव्हा ड्युटी इथेच बुकिंगला भरून घ्यायची पद्धत आली. तेव्हा तो खर्च कोणाचा ते बोली लागायच्या आधी लिहून ठेवायचं असतं. खोटी किंमत लिहून पार्सल हरवलं तर २१० मागायला तुम्हाला तोंड उरत नाही. तिकडे त्याने सोडवून घेतलं नाही तर परत येतं, आणि निर्यातीची कागदं नीट नसली तर आपलाच माल परत घ्यायला इथलं कस्टम ड्युटी मागू शकतं. विक्रीचा माल बाहेर जातो म्हणजे ती निर्यातच, त्याला आयईसी (आयात-निर्यातीचा सरकारी कोड नंबर) लागतो, डीजीएफटी या विदेश व्यापाराच्या सरकारी खात्याच्या साइटवर ५०० रुपयांत निघतो, आधी तो काढा.

नाण्यांबद्दल मात्र हात जोडून सांगतो, ती पिशवी बाहेर पाठवू नका. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांपेक्षा जुनं नाणं पुरावस्तू धरलं जातं आणि ते खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड आहे त्याला. तुमच्या नागपुरातल्या महाल भागातल्या घरात भोसल्यांचा रुपया निघाला असेल तर तो यातच आला, १९१७ चा पंचम जॉर्जचा रुपयाही आता यातच आला. हे खेळणं नाही ताई, नागपूरचा इतिहास आहे तो, इथेच राहिला पाहिजे. देशात विकायचं असेल तर जाणकार नाणेसंग्राहकाला दाखवा. आणि ‘तुमच्या नाण्याचे लाखो देतो, आधी चार्ज भरा’ असा फोन आला तर कट करा, २०२१ मध्ये खुद्द रिझर्व्ह बँकेने याबद्दल सावध केलं होतं.

घड्याळाचा पट्टा एकदा पाहा, मगर किंवा घोरपडीच्या कातड्याचा जुना पट्टा असेल तर काढून ठेवा, तो वन्यजीव कायद्यात अडकतो.

त्याला आज रात्री एवढंच लिहा: पार्सल व्यवहारात असलेल्या पत्त्यावरच जाईल, खरी किंमत लिहिली जाईल, नाणी विकायची नाहीत. तो घाई करून राहिला असेल तर करू द्या. मान्य नसेल तर सौदा रद्द करा, पैसे खरेच आले असतील तर जिथून आले त्याच व्यवहारातून रिफंडचं बटण दाबून परत करा, ‘दुसऱ्या खात्यात पाठवा’ म्हणाला तर अजिबात नाही. तो हो म्हणाला आणि आयईसी हातात आला की घड्याळ आधी उघडून फोटो काढा. झाकण घरी चाकूने उचकटू नका, इतवारी बाजारात जुन्या घड्याळजींकडे केस ओपनर असतो, दोन मिनिटांचं काम आहे, तिथेच त्यांच्यासमोर फोटो घ्या.