शिबिराला निघण्याआधी

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. राष्ट्रीय सेवा योजनेचं (रासेयोचं) सात दिवसांचं निवासी शिबिर मेळघाटातल्या धारणी तालुक्यात ठरलंय आणि शाळेचं काम तुझ्या गटाकडे आलंय, हे वाचून फार बरं वाटलं. त्या भागातल्या दोन-शिक्षकी शाळेत माझी उमेदीची वर्षं गेली. कॉलेजची शिबिरं मी शाळेच्या बाजूने पाहिली आहेत, म्हणून थोडं कडक लिहितो.

एवढ्याशा दिवसांत काय शिकवू, असं विचारलं आहेस. पहिल्या दिवशी काहीच शिकवू नकोस. परिपाठाला पोरांच्या ओळीत शेवटी उभी राहा, मग पहिली-दुसरीच्या वर्गात मागे सतरंजीवर बस. ही पोरं घरी कोरकू बोलतात. कोरकू मराठीच्या गोतातली नाही. ती झारखंडकडच्या संताळी-मुंडारी या आदिवासी भाषांची नातलग. ‘कोरो’ म्हणजे माणूस, ‘कोरकू’ म्हणजे माणसं. पहिलीतल्या पोराला तुझी मराठी परकी आहे. तो गप्प बसला तर त्याला येत नाही असं धरू नकोस. बहुतेक वेळा प्रश्नच पोचलेला नसतो. पाणी, ये, बस, दुखतंय का, एवढे शब्द पोरांकडूनच शिकून वहीत लिही. तुझा उच्चार चुकला की ती पोट धरून हसतील. हसू दे. हसली की बोलायला लागतात.

दुसरीत एक मुलगा होता. सत्तेचाळीस लिही म्हटलं की पाटीवर ७४ लिहायचा. मी दोनदा रागावलो. मग एका दुपारी चिंचोके घेऊन त्याच्याजवळ बसलो. त्याने दहा-दहाचे चार ढीग केले, उरलेले सात बाजूला सरकवले. एकही चूक नाही. मोजणी त्याला चोख येत होती. घोटाळा आपल्या शब्दात होता. ‘सत्तेचाळीस’मध्ये सात आधी ऐकू येतो, चाळीस मागून. ऐकलं तसं त्याने लिहिलं. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘चाळीस सात’ असं वाचायची रीत आणली, तेव्हा केवढा गदारोळ उठला! सगळीकडे थट्टा चालली होती आणि माझ्या डोळ्यांसमोर तो पाटी धरून उभा राहिलेला पोरगा होता. तेव्हा शिकवायचंच तर चिंचोके आणि काड्यांचे गठ्ठे घेऊन बस. एका वेळी चार-पाच पोरं, जास्त नकोत.

गुरुजींना विचारल्याशिवाय वर्ग हातात घेऊ नका. इथे माझीही चूक सांगतो. शिबिर आलं की वर्ग पाहुण्यांवर सोपवून मी माहितीचे तक्ते भरत बसायचो. आठवडाभर गाणी आणि खेळ व्हायचे. नंतर पोरांना माझा धडा अळणी लागायचा आणि पाहुण्यांनी त्यांना कुठवर आणलं, हे मला ठाऊक नसायचं. म्हणून रोज शाळा सुटताना कोणाला काय जमलं, कोण कुठे अडलं, ते गुरुजींच्या कानावर घाला.

चॉकलेटं वाटू नका, खिचडी वाढायला मदत करा. फोटो गुरुजींना आणि घरच्यांना विचारूनच काढायचा. फाटक्या सदऱ्यातल्या पोराचा तर नकोच. कुठल्याही पोराला एकटं घेऊन कुठे जायचं नाही, नदीवर मुळीच नाही.

आणि ‘मी परत येईन’ असं म्हणू नकोस. एका शिबिरातली ताई चौथीतल्या मुलीला ‘होळीला येते’ म्हणून गेली. मेळघाटात होळीसारखा मोठा सण नाही. मजुरीला बाहेर गेलेले आईबाप तेव्हा गावी परततात. ही मुलगी आईबापाला घ्यायला एसटीच्या थांब्यावर गेली. ते उतरले, बोचकी घेऊन घरी गेले. ही तिथेच बसून राहिली. शेवटची गाडी गेल्यावर मी तिला घरी सोडायला निघालो, तर वाटेत विचारते, ‘गुरुजी, ताईची गाडी बिघडली असेल का?’ मला उत्तर सुचलं नाही.

निघायच्या दिवशी तुलाही पोरं विचारतीलच, कधी येणार म्हणून. ‘माहीत नाही’ हे कोरकूत कसं म्हणतात, तेही वहीत लिहून ठेव.

तुझा,
काका

ता. क. परतवाड्यानंतर घाट लागतो, सेमाडोहपर्यंत पोटात ढवळतं. रिकाम्या पोटी बसू नकोस. पांघरूण जाड घे.