कार्बन-१४ आणि छतावरची शिडी

ताई, नमस्कार.

मुलगी चंद्रपूरला बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. हवेतली धूळ मोजणारी यंत्रं सांभाळणाऱ्या एका कंपनीनं तिला सर्व्हिस इंजिनिअर म्हणून बोलावलंय. तुमच्या दिरांनी कुठेतरी वाचलं की त्या यंत्रात किरणोत्सारी पदार्थ असतो. पुढे लग्न व्हायचंय, मूलबाळ व्हायचंय, तेव्हा ही नोकरी नको, असं घरात ठरत आलंय. हे कितपत खरं, असं तुम्ही विचारलंत.

पदार्थ असतो, एवढं खरं. पण त्यावरून नोकरी सोडायचं काही कारण नाही.

यंत्राचं नाव बीटा अटेन्युएशन मॉनिटर. साइटवरची मुलं त्याला नुसतं ‘बॅम’ म्हणतात. ते ज्या केबिनमध्ये ठेवलेलं असतं तिच्या छतावरच्या नळीतून ते मिनिटाला १६.७ लिटर, म्हणजे तासाला साधारण एक घनमीटर हवा ओढतं. वाटेत जाडी धूळ गळते आणि पीएम २.५ चे, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान, कण काचतंतूंच्या टेपवर एका ठिपक्यात बसतात. टेपच्या एका बाजूला कार्बन-१४ चा, म्हणजे किरणोत्सारी कार्बनचा, चिमुकला स्रोत असतो, समोर डिटेक्टर. कोऱ्या टेपमधून किती बीटा कण (म्हणजे इलेक्ट्रॉनच) पार होतात ते आधी मोजून ठेवतात. धूळ बसल्यावर त्याच जागेतून पुन्हा मोजतात. जितके कमी पार झाले तितकी धूळ जास्त. घट कोणत्या नियमानं होते ते लेकीला विचारा, ती लॉगॅरिदमसकट सांगेल. मला यातली गंमत वाटते ती अशी, की धूळ मातीची आहे की कोळशाची याच्याशी यंत्राला फारसं देणंघेणं नसतं, ते वस्तुमान बघतं. आपल्याकडे पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. तेवढी धूळ असलेल्या हवेतून तासाभरात टेपवर जे जमतं, ते साखरेच्या दाण्याच्या दहाव्या हिश्श्याएवढंही नसतं. आणि हे यंत्र ते तोलतं!

आता दिरांची भीती. कार्बन-१४ चे बीटा कण फार दुबळे. हवेत वीतभर जाऊन थांबतात आणि पातळ धातूचा पत्राही त्यांना पुरून उरतो. प्रचलित यंत्रांत स्रोत ६० मायक्रोक्युरीच्या (किरणोत्साराचं एक माप) आसपास, तोही सीलबंद. अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा काळ, ५,७३० वर्षांचं, त्यामुळे यंत्र भंगारात निघेपर्यंत तो बदलायची वेळच येत नाही. पथ्य एकच: स्रोताला हात लावायचा नाही, उघडायचा नाही, खरवडून साफ करायचा नाही. स्रोताची कागदपत्रं आहेत का आणि यंत्र मोडीत निघाल्यावर तो कुठे परत जातो, हे कंपनीला जरूर विचारा. हा विषय अणुऊर्जा नियामक मंडळाच्या अखत्यारीतला आहे, प्रश्न विचारल्याचं कुणाला वाईट वाटायला नको.

तुमच्या जागी मी असतो तर शिडीची चौकशी केली असती. इनलेट, म्हणजे हवा ओढणाऱ्या नळीचं तोंड, साफ करायला छतावर चढावं लागतं, चंद्रपूरच्या मे महिन्यातसुद्धा. सोबत दुसरा माणूस असतो का? एकाकडे किती केंद्रं, आणि ती किती लांब? पगार कंपनीच्या पटावर, की देखभालीचं कंत्राट संपलं की नोकरीही संपली? या क्षेत्रात बरंच काम टेंडरवर चालतं, हे आधीच माहीत असलेलं बरं.

आणि काम म्हणजे निव्वळ पाने-स्क्रूड्रायव्हर असंही समजू नका. माझा एक जुना विद्यार्थी हेच करतो. त्याच्या एका केंद्राचे आकडे महिनाभर घसरत होते, हवा सुधारली म्हणून सगळे खूश. त्यानं लीक चेक केला, म्हणजे हवा कुठून गळते का ते तपासलं. टेपवर दाबून बसणाऱ्या नोझलखाली टेपचा चुरा साचला होता, नोझल नीट बसत नव्हतं आणि यंत्र बाहेरच्या हवेसोबत केबिनमधली एसीची हवाही ओढत होतं. चुरा पुसला आणि शहराची हवा पुन्हा ‘बिघडली’. पावसाळ्यात वेगळी कथा: कण पाणी धरून जड होतात, म्हणून नळीला हीटर असतो. तो बंद पडला की आकडा फुगतो. अशा वेळी नुसतं बटण दाबणारा आणि फिजिक्स कळणारा यांतला फरक दिसतो.

२०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाल्यापासून या आकड्यांकडे शहरांचं लक्ष वाढलंय, त्यामुळे काम मिळत राहील. तरी दोन वर्षांनंतर तेच तेच वाटू लागेल. तोपर्यंत नोकरी करावी आणि मग पर्यावरणशास्त्र किंवा वातावरणशास्त्रात एमएस्सी करावी, असं माझं मत. यंत्र हातानं उघडून जोडलेला विद्यार्थी वर्गात वेगळाच उठून दिसतो.

एक खटकलं. दोन पानी पत्रात दिरांचं मत आहे, तुमचं आहे, तिचं कुठेच नाही. चंद्रपुरातच हवा मोजणारी केंद्रं आहेत. परवानगी काढून तिला एखादं आतून दाखवून आणा, जमलं तर छतावरही चढू द्या. खाली उतरल्यावर ती काय म्हणाली, ते तिनंच मला लिहून कळवावं.